सामुदायिक रेडिओच्या ध्वनिमुद्रण कक्षात माझी दुष्काळातील वही

मागील दिवाळीच्या आवराआवरीत, माहेरून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या इरकली लुगड्याखाली माझ्या दोन जुन्या वह्या सापडल्या. त्यांपैकी एक आठवीच्या अंकगणिताची होती. ती उलटी धरून मागच्या पानांवर मी १९७२ च्या श्रावणापासून १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत घरातील आणि गावातील गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. आई खडी केंद्रावर, म्हणजे दगड फोडण्याच्या दुष्काळी कामावर, जात असे, पाझर तलावाच्या कामावर हजेरी कशी लावली जाई, रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापताना कशी तुटे, हे सारे त्यात आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेच्या आवारात सामुदायिक रेडिओ केंद्र चालते आणि तेथे स्थानिक लोकांचे जुने लेखन त्यांच्याच आवाजात मुद्रित करून प्रसारित केले जाते, असे कळल्यावर मी वही घेऊन गेले. चार भागांचे मुद्रण आणि प्रसारण पार पडले असून, घरात अशा वह्या जपून ठेवलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या सेवेविषयी लिहीत आहे.

प्रथम खर्चाविषयी. मुद्रणासाठी एक पैसाही घेतला गेला नाही. सामुदायिक रेडिओच्या नियमांनुसार निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा लागतो; त्यामुळे आपण तेथे उपकार मागायला जात नसतो, केंद्रालाही आपली गरज असते. हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिल्या दिवशी उगाच संकोचून कोपऱ्यातील खुर्चीवर बसून राहिले होते.

कक्ष लहान आहे. भिंतींना फोम लावलेला, जमिनीवर जाड सतरंजी, आणि मुद्रण सुरू होताच पंखा बंद. त्यामुळे वैशाखात जाणाऱ्यांनी घामाची तयारी ठेवावी. माइकपासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपे बसवतात, कारण समोरून बोलल्यास ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना फुंकर आदळल्यासारखा आवाज येतो. माझी खरी अडचण वेगळीच होती. बावन्न वर्षांच्या वहीचा कागद पान उलटताना वाळलेल्या पाचोळ्यासारखा वाजत होता. मुद्रण करणाऱ्या तरुणीने मोठ्या अक्षरांतील एकपाठी झेरॉक्स काढून आणण्यास सांगितले आणि वाचून झालेला कागद न उलटता अलगद बाजूला सरकवण्याची सवय लावली. टाचणी किंवा स्टेपलर मारू नये, हेही तिचेच सांगणे. दहा मिनिटांच्या भागासाठी साधारण हजार ते अकराशे शब्द पुरतात. मी दुप्पट मजकूर नेला होता आणि शेवटी धापा टाकत वाचत होते.

या सेवेचे मोल मात्र मला दुसऱ्याच गोष्टीत दिसले. मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले आहे. वहीतील ‘पानी’, ‘आनि’, ‘लई’ हे शब्द नजरेस पडताच हात आपोआप लाल शाईकडे जातो, आणि झेरॉक्सवर मी सारे शुद्ध करूनच नेले होते. पहिले पान वाचून होताच त्या तरुणीने मुद्रण थांबवले आणि म्हणाली, “बाई, हे तुम्ही आज लिहिल्यासारखं वाटतंय. वहीत जसं आहे तसं वाचता का?” मला क्षणभर राग आला, हे कबूल करते. पण मूळ मजकूर वाचून पाहिल्यावर वाक्ये आखूड झाली, श्वास मोकळा झाला, आणि माहेरची बोली, जी मी सासरी आणि शाळेत दोन्हीकडे झाकून ठेवली होती, ती जिभेवर परत आली. ध्वनिमुद्रकाने वक्त्याचे इतके लक्षपूर्वक ऐकावे, ही अपेक्षा मी मोठ्या केंद्राकडूनही केली नसती.

म्हणूनच पहिल्या भागाचे संकलन ऐकले तेव्हा वाईट वाटले. कामावर मिळणाऱ्या सुकडीचे, म्हणजे पौष्टिक पिठाच्या कोरड्या खाऊचे, वर्णन चालू असताना खाली करुण बासरी लावलेली होती. वहीतील तेरा वर्षांच्या मुलीला सुकडी आवडत असे. ती गोड होती, आई पदरात बांधून आणी, आणि त्या सुकडीवरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या होत. त्या पानावर दुःख कोठेच नाही. मला शब्द दुरुस्त करण्यापासून ज्यांनी अडवले, त्यांनीच सुरांनी ते दुरुस्त करून टाकले होते. मी तसे सांगितल्यावर वाद न घालता पुढील तीन भागांतून संगीत काढून टाकण्यात आले. पहिला भाग मात्र तसाच प्रसारित झाला. मुद्रणाच्या दिवशीच संगीताविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.

व्यक्तींच्या नावांबाबत केंद्राची दक्षता योग्य वाटली. खोटी हजेरी मांडणाऱ्या मुकादमाचे नाव वहीत स्वच्छ लिहिलेले आहे, आणि त्याची नातवंडे आजही त्याच गल्लीत राहतात. नाव वगळून केवळ ‘मुकादम’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता व मी तो मान्य केला. दुसरी शंका जरा गमतीची निघाली. गावात पुढारी येऊन गेल्याची नोंद वाचावी की नाही, यावर त्यांच्यात बराच खल झाला, कारण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी घेता येतात. अर्धशतकापूर्वीचा पुढारी ही बातमी नव्हे, असा निर्णय होईपर्यंत माझा चहा निवला.

दोन गोष्टींबद्दल तक्रार आहे. पहिली, मुद्रणाची प्रत मिळवण्यासाठी मला चार फेऱ्या माराव्या लागल्या आणि शेवटी हाती आली ती दाबून लहान केलेली एमपीथ्री. प्रसारित कार्यक्रमाची प्रत तीन महिने जपण्याचे बंधन केंद्रावर असते. त्यापुढे ती राहीलच असे धरून चालू नये. स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जावे आणि न दाबलेली वेव्ह फाइल त्याच दिवशी मागून घ्यावी. दुसरी तक्रार केंद्राच्या हातची नाही, पण ती आधी सांगायला हवी होती. या केंद्रांना सहसा शंभर वॅटपर्यंतच्याच प्रक्षेपणाची मुभा असते, त्यामुळे आवाज दहा-बारा किलोमीटरपर्यंत नीट पोहोचतो. माझे माहेर पंचवीस किलोमीटरवर आहे. ज्या गावाविषयी वाचले, त्या गावात ते कोणालाच ऐकू गेले नाही. धाकटी बहीण रेडिओ घेऊन गच्चीवर गेली, तिला नुसती खरखर मिळाली. पुढच्या आठवड्यात ती एसटीने माझ्याकडे आली आणि आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून तिसरा भाग ऐकला. मिलोच्या भाकरीचा प्रसंग येताच ती म्हणाली, “तुटायची तुझी, माझी नाही.”

एवढे असूनही दुसरी वही मी तेथेच देणार आहे. तारीख मात्र आश्विनातील घेतली आहे, कारण कक्षावर पत्रे आहेत आणि पाऊस सुरू झाला की मुद्रण बंद ठेवावे लागते.