बनावट खरेदीखत : फौजदारी तक्रार की दिवाणी दावा?

वडिलांच्या बनावट सहीने जमिनीचे खरेदीखत नोंदवले गेल्याचे लक्षात आलेल्या एका परिचितांनी पोलिसांत जावे की दिवाणी न्यायालयात, असे विचारले.

फौजदारी मार्गाचा हेतू शिक्षा हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ नुसार मूल्यवान रोखा (खरेदीखतासारखा हक्क निर्माण करणारा दस्त) किंवा मृत्युपत्र बनावट करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेचीही शिक्षा होऊ शकते. त्याआधीच्या कृत्यांना जुन्या दंड संहितेचे कलम ४६७ लागते. तक्रारीला कोर्ट फी नाही आणि पुरावा पोलीस गोळा करतात, मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. अडखळलेली रेघ, मध्येच उचललेले पेन अशा खुणा हस्ताक्षरतज्ज्ञ दाखवतो. तरीही सही खोटी ठरली म्हणजे ती आरोपीनेच केली असे होत नाही, आणि अनेक खटले नेमके इथेच अडतात.

दिवाणी दाव्यात कोर्ट फी, वकील आणि कागदपत्रांचा भार स्वतःवर येतो, पण संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकणे पुरते. मुख्य म्हणजे दस्त रद्द इथेच होतो : विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ खाली हुकूमनामा (दस्त रद्द करणारा न्यायालयाचा निर्णय) झाला की नोंदणी कार्यालयात तशी नोंद होते. आरोपीला शिक्षा झाली तरी दस्त आपोआप रद्द होत नाही, हे बहुतेकांना फार उशिरा कळते. दस्त रद्द करून मागण्याची मुदत बनावटगिरी कळल्यापासून तीन वर्षांची आहे.

जमीन वाचवायची असेल त्याने दावा आधी लावावा आणि पुढची विक्री थांबवण्यासाठी मनाई हुकूम मागावा. मालमत्ता सुरक्षित असून टोळी उघडी पाडायची असेल त्याला तक्रार पुरे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि या परिचितांना मी तेच सुचवले.