सात महिने झाले, चेंडू अजून गोल नाही

मे महिन्यातली दुपार होती. पारा ४५च्या वर, कूलर फुल, आणि टीव्हीवर व्हिडिओ गेममधला सर्कसवाला चार्ली सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारत होता. एवढ्यात चित्रात एक धुरकट आडवा पट्टा उगवला आणि गोगलगाईच्या चालीनं वर सरकायला लागला. पोटात गोळाच आला. सव्वाशे डॉलरच्या आसपासची वस्तू, आणली अमेरिकेतून, वॉरंटीसाठी जायचं कुठे? त्या रात्री शिव्या घालायच्या म्हणूनच हे लिहायला बसलो होतो. पट्ट्याचं कारण नंतर सापडलं, रागही उतरला. पण अर्धं लिहून झालं होतं, तर आता पूर्णच करतो.

वस्तू म्हणजे रेट्रोटिंक टू-एक्स प्रो. हा लाइन डबलर, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या चित्रातली प्रत्येक ओळ दोनदा काढून ते नव्या टीव्हीला एचडीएमआयवरून देणारं यंत्र. माझ्याकडे ४३ इंची फोर-के टीव्ही, त्याला पिवळी-पांढरी-लाल सॉकेटं नाहीतच. मशीन दोन. नव्वदच्या दशकात इथेच घेतलेला, जपानी फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल असलेला साधा व्हिडिओ गेम, त्याच्या '९९९९९९ इन वन' कॅसेटसकट. आणि दुसरा प्लेस्टेशन टू.

त्याच्याआधी अर्थातच स्वस्तातला मार्ग करून पाहिला. नागपूरच्या सीताबर्डीतून साडेपाचशेची डबी आणली. एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, अंगावर ७२० आणि १०८० असं लिहिलेलं बटण. चित्र आलं, पण टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं. कॉन्ट्रा गेममधले दोन्ही जवान सावजीच्या जेवणावर महिनाभर राहिल्यासारखे फुगलेले. ही डबी जुनं ४:३ चित्र १६:९ च्या चौकटीत कोंबूनच पुढे पाठवते. त्यामुळे टीव्हीला वाटतं की चित्र मुळात रुंदच आहे, आणि रिमोटवरचा ४:३ चा पर्याय तो करडा करून ठेवतो. तो दाबलाच जात नाही.

परत गेलो दुकानात.

"चित्र येऊन राहिलं ना?"

"येऊन राहिलं, पण ताणलेलं."

"मंग मोठा टीव्ही काऊन घेतला भाऊ? पूर्ण भरून दिसलं तर लोकं खूश होते. ज्याले काळ्या पट्ट्या पायजे असे तुम्ही पहिलेच."

तीन चकरा, दोनदा वाद. शेवटी त्यानं डबी बदलून दिली, फक्त दुसरीही तशीच निघाली. तीही पुढच्या उन्हाळ्यात तापून बंद पडली. साडेपाचशेला 'नो गॅरंटी' असं बिलावर लिहिलेलं होतंच, मीच ते वाचलं नव्हतं.

आता चेंडूबद्दल. चार्लीच्या खेळात (कोनामीचा, मूळ आर्केडवर १९८४ सालचा) एका फेरीत मोठ्या चेंडूवर उभं राहून पुढच्या चेंडूवर उडी मारायची असते. त्या डबीवर तो चेंडू नव्हता, तळहातानं दाबलेला आलूबोंडा होता. बायकोचा ब्लाउज शिवायचा टेप घेतला आणि गेम पॉज करून मोजलं: उंची साडेचार सेंटिमीटर, रुंदी सव्वाआठ. बायको म्हणाली, "माप घ्यायचं तर नीट घे, टीव्हीला टेप टोचू नको." तेव्हापासून माझ्या लेखी ज्या यंत्रावर हा चेंडू गोल दिसेल ते चांगलं, बाकी सगळी बोलाची कढी.

दिवाळीत भाचा ह्यूस्टनहून आला तेव्हा त्याच्याकडून रेट्रोटिंक मागवला. परतताना त्याच्या बॅगेत बहिणीनं चिवडा आणि अनारसे भरले, त्यामुळे हिशेब सरळ झाला असं मी धरतो. डॉलर मात्र द्यावे लागले.

पहिला दिवस खरंच सुखाचा गेला. याच्यातून बाहेर पडणारं चित्र जुन्याच जातीचं, ४८०पी किंवा ५७६पी, म्हणजे ४८० किंवा ५७६ ओळींचं. माझ्या टीव्हीला ते साधं जुनं चित्र वाटतं आणि रिमोटवरचा ४:३ जिवंत होतो. दाबला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. त्या पट्ट्या पाहून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. कॉन्ट्रात मेल्यावर नवा जवान येतो तो काही क्षण लुकलुकतो, म्हणजे एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. ही जुनी मशीनं दर वेळी पूर्ण चित्र काढतात. पण स्वस्त डबीला आणि बऱ्याच नव्या टीव्हींना वाटतं की हे अर्धं-अर्धं (आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या) येणारं चित्र आहे, मग ते दोन चित्रं एकमेकांत विणतात. लुकलुकणारा जवान कंगव्याच्या दात्यांसारखा पट्टेदार दिसतो. रेट्रोटिंक विणत नाही. आलेली प्रत्येक ओळ दोनदा काढतो आणि पुढे ढकलतो. पूर्ण चित्र साठवून ठेवावं लागत नाही, म्हणून त्याच्याकडून उशीर जवळजवळ शून्य. जो उशीर उरतो तो टीव्हीचा, आणि गेम मोड लावला की तोही आटोक्यात येतो. डबीवर बटण दाबल्यावर चार्ली विचार करून उडी मारायचा, आता लगेच मारतो.

मग टेप काढला. उंची साडेचार. रुंदी सहा सेंटिमीटरला थोडी जास्त.

सहा! एवढे पैसे मोजून चेंडू अजून चपटाच. टीव्ही बरोब्बर ४:३ वर, काळ्या पट्ट्याही मोजून सारख्या. पंधरा दिवस मी याच एका गोष्टीवर बसलो होतो. भाच्याला रात्री दोनला फोटो पाठवले. मनातल्या मनात पाचपैकी चार तारे दिले होते, ते दोनवर आणले.

त्यानंतर जे कळलं त्यानं माझं मत उलटंच झालं. दोष यंत्राचा नव्हता. मूळ जपानी मशीन ५२५ ओळींच्या, सेकंदाला ६० फेऱ्यांच्या टीव्हीसाठी बनलेलं, त्याचं चित्र २४० ओळींचं. आपल्याकडचा तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ ओळींचा, सेकंदाला ५० फेऱ्या, आणि एका फेरीत दिसायला २८८ ओळींची जागा. इथे विकल्या गेलेल्या नकली मशीननं तेच २४० ओळींचं चित्र २८८च्या जागेत ठेवून दिलं. वर-खाली रिकामी जागा, आणि मधलं चित्र बुटकं. शिवाय खेळ ६०च्या हिशेबानं लिहिलेला, चालतो ५०वर. तिकडचा चार्ली सहा पावलं टाकतो तेवढ्यात आपला पाचच टाकतो. म्हणजे लहानपणी आपण ज्या गेममध्ये स्वतःला वस्ताद समजत होतो तो मुळात हळू चालत होता. हे पचवायला मला चेंडूपेक्षा जास्त वेळ लागला.

आणि तेव्हा आठवलं. नागपूरच्या महाल भागात आमच्या काकांकडे २१ इंची टीव्ही होता, आणि गेमच्या वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून आम्ही पोरं कुरकुर करायचो. एकदा मेकॅनिक आला असताना काकांनी त्याला मागचा स्क्रू फिरवून 'हाइट' वाढवायला लावली. चार्ली उंच झाला, चेंडू बराचसा गोल झाला, आणि संध्याकाळी दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ गायब. आजीनं दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकला परत बोलावलं. म्हणजे आमच्या घरात चेंडू बरोब्बर एक दिवस गोल होता.

तेव्हापासून तारे परत चारवर. चित्र जसं निघतं तसं हे यंत्र दाखवतं, आणि आपल्याकडे ते चपटंच निघत होतं. रुंदी तशीच ठेवून नुसती उंची वाढवणारी महागडी यंत्रं आहेत. भाच्यानं त्याच कंपनीच्या फोर-के मॉडेलची किंमत सांगितली, साडेसातशे डॉलर. मी फोन ठेवला. तेवढ्या पैशांत आणखी एक टीव्ही येतो, आणि बायकोच्या यादीत त्याच्याआधी फ्रिज आहे.

प्लेस्टेशनबद्दल थोडक्यात. पिवळ्या वायरीऐवजी कॉम्पोनंट केबल घ्या, हिरवी-निळी-लाल. फरक इतका आहे की मशीन बदलल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये कॉम्पोनंट आउटपुट आरजीबीवर राहिलं तर सगळं हिरवं दिसेल. घाबरू नका, वायसीबीवाला दुसरा पर्याय निवडा. मोठ्या भावाच्या जुन्या एलसीडीला ही केबल थेट लागते. तिथे मेन्यू दिसला, पण प्लेस्टेशन वनची डिस्क टाकल्याबरोबर 'नो सिग्नल'. त्या टीव्हीला २४०पी, म्हणजे जुन्या गेमचं २४० ओळींचं चित्र, कळतच नाही. रेट्रोटिंकमधून तीच डिस्क निमूट चालते. मात्र प्लेस्टेशन टूच्या बहुतेक खेळांचं चित्र खरोखरच अर्धं-अर्धं येतं, आणि ते हे यंत्र साध्या पद्धतीनं दाखवतं. त्यामुळे स्थिर मेन्यूतली बारीक अक्षरं थरथरतात. गाडी पळत असेल तर लक्षात येत नाही, खेळाचं नियोजन वाचत बसाल तर डोळे दुखतील. ज्यांच्याकडे फक्त प्लेस्टेशन टू आहे त्यांनी हे घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

बदकं मारायच्या बंदुकीचं विचाराल तर ती शोकेसमध्ये ठेवा. चाप ओढला की गेम पडदा क्षणभर काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीतला सेन्सर नेमक्या त्या क्षणी उजेड शोधतो. एलसीडी तो चौकोन उशिरा दाखवतो. नेम कितीही धरा, गेममधला कुत्रा हसणारच.

आता तो मे महिन्यातला पट्टा. रेट्रोटिंक निर्दोष. कूलर, त्याचा पंप आणि व्हिडिओ गेमचा जुना अडॅप्टर, तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. अडॅप्टर जुना, विजेची घरघर चित्रात सोडणारा. आपली वीज ५० हर्ट्झची, मशीनही सेकंदाला जवळजवळ ५० चित्रं काढणारं, आणि दोघांच्या मधल्या किंचित फरकानं तो पट्टा सावकाश वर चढत होता. ६०चं मशीन असतं तर तोच पट्टा सेकंदाला दहा वेळा धावला असता आणि मी तेव्हाच ओळखला असता. कूलर बंद केला, पट्टा जवळपास गेला. चालू केला, परत आला. हा प्रयोग आठ-दहा वेळा केला, तोवर आतल्या खोलीतून हाक आली, "कूलरशी खेळून राहिलात का?"

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवून गेम खेळणं शक्य नाही. सध्या गेमचा अडॅप्टर स्वयंपाकघरातल्या पॉइंटवरून लांब वायरीनं आणलाय. मिक्सर लागला की चित्र थरथरतं, पण चटणी दिवसातून एकदाच वाटली जाते. नवा अडॅप्टर दीडशेला मिळतो असं ऐकलंय, पण आधी पाऊस लागू द्या. कूलर माळ्यावर गेल्यावरही पट्टा दिसला तर अडॅप्टर घेईन आणि इथेच खाली लिहीन.