पोटॅशियम सायट्रेटचे सिरप : मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून

मुतखड्याचा त्रास ज्यांना वारंवार होतो, त्यांच्या चिठ्ठीवर पोटॅशियम सायट्रेट आणि सायट्रिक ॲसिडचे सिरप बऱ्याचदा दिसते. मीही ते युरोलॉजिस्टच्या सल्ल्याने नियमित घेतो. औषध गुणाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु मेडिकलच्या दुकानांतून ते ‘खडा विरघळवणारे सिरप’ म्हणून कोणालाही सरसकट दिले जाते, हे मला मुळीच पटत नाही.

लघवीतील सायट्रेट कॅल्शियमला आपल्याशी बांधून ठेवते, त्यामुळे लघवीतील ऑक्झलेट या क्षाराला त्याच्याशी जुळून स्फटिक बनवण्याची संधी कमी मिळते. शिवाय शरीरात सायट्रेटपासून बायकार्बोनेट तयार होऊन लघवीची आम्लता उतरते. युरिक ॲसिडचा खडा लघवीचा पीएच (आम्लता उतरली की हा आकडा वाढतो) ६ ते ६.५ राखला तर खरोखरच विरघळू शकतो. आपल्याकडे अधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा मात्र याने विरघळत नाही, नवा होण्याचे प्रमाण तेवढे घटते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत, लघवीत सायट्रेट कमी असलेल्या रुग्णांमध्ये या औषधाने वर्षाकाठी सरासरी १.२ खड्यांचे प्रमाण ०.१ वर आले, आणि ज्यांना औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यात ते जवळजवळ होते तेवढेच राहिले. म्हणूनच २४ तासांची लघवी साठवून केलेली तपासणी आणि पडलेल्या खड्याचे पृथक्करण यांवर केलेला खर्च मला सिरपच्या खर्चाइतकाच आवश्यक वाटतो.

बाटली घेताना लेबल वाचावेच. मी घेतो त्या द्रावणात दर ५ मिलीमध्ये ११०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायट्रेट आणि ३३४ मिलिग्रॅम सायट्रिक ॲसिड आहे. दुकानात लघवीच्या जळजळीसाठी मागितले की मिळणारे डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचे सिरप वेगळे. तेही लघवी अल्कधर्मी करते, पण त्यातील सोडियममुळे लघवीतून जाणारे कॅल्शियम वाढू शकते, जे कॅल्शियमच्या खड्याच्या रुग्णाला नकोच असते. खाण्याच्या सोड्यालाही हाच आक्षेप लागू होतो. लिंबूपाणी जरूर प्यावे, सायट्रेट त्यातही असते, मात्र ते बहुतांशी आम्लाच्या रूपात असल्याने लघवीची आम्लता उतरवण्यात ते या औषधाची बरोबरी करू शकत नाही.

चव आंबट-खारट आहे. जेवणानंतर ग्लासभर पाण्यात मिसळून घेतल्यास ती सुसह्य होते आणि पोटातही मळमळत नाही. नुसते घेतले तर घशाखाली आग होते. दिवसातून तीनदा १० मिली घ्यायचे झाल्यास २०० मिलीची बाटली आठवडाभरही पुरत नाही, ही माझी खरी तक्रार आहे, कारण हे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. प्रवासात गोळ्या सोयीच्या पडतात. मेणासारख्या पदार्थात औषध बसवलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळीचे रिकामे कवच कधी कधी शौचात जसेच्या तसे दिसते. औषध तोवर शोषले गेलेले असते, त्यामुळे घाबरू नये, पण ही गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये.

मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांनी, तसेच रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी हे सिरप स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठण्याचा धोका असतो, आणि रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते. जंतुसंसर्गातून होणाऱ्या खड्यावर याचा उपयोग नाही, आणि लघवीचा पीएच सतत ७ च्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याची भीती असते. त्यामुळे औषध चालू असेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते), पोटॅशियम आणि लघवीचा पीएच डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावा, आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे सिरप सुरू आहे म्हणून सोडू नये.