पॉलिकार्बोनेट शीटवरची फिल्म : आधी काढावी, की बसवल्यावर?

बेळगावात गच्चीवर किंवा खानापूर भागात पडवीला पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकच्या शीटचे, छप्पर घालायचे काम बहुधा पावसाच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मेच्या कडक उन्हात निघते. उन्हाचा पहिला फटका शीटला नव्हे, तर तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या संरक्षक फिल्मला बसतो, आणि ती कधी काढायची यावर फॅब्रिकेटर आणि घरमालक यांचे क्वचितच जमते.

पहिला पर्याय म्हणजे दोन्ही फिल्म खालीच काढणे. हे सोपे खरे. परंतु अतिनील किरण अडवणारा पातळ थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो, ती बाजू फिल्मवरच्या छपाईवरून ओळखावी लागते, आणि फिल्म निघाली की दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. उलटी बसलेली शीट काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते. शिवाय वर चढवताना अँगलला घासून चरे पडतात ते वेगळेच.

दुसरा पर्याय, सगळे काम उरकेपर्यंत फिल्म ठेवणे, कारागिरांना आवडतो, कारण सिमेंटचे शिंतोडे शीटवर बसत नाहीत. आमच्या गच्चीवर ती अशीच दोन आठवडे राहिली. उन्हाने गोंद इतका घट्ट झाला की फिल्म नखाने बोटभर रुंदीच्या चिंध्यांमध्ये काढावी लागली, आणि उरलेला चिकटा थिनरने पुसण्याचा सल्ला ऐकला असता तर शीटला बारीक भेगा गेल्या असत्या. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके यांवरच भागवले.

म्हणून मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे : खालची फिल्म बसवण्यापूर्वी पूर्ण काढावी, वरची फक्त कडेने दोन इंच सोडवावी, म्हणजे ती शीट दाबून धरणाऱ्या पट्टीखाली अडकत नाही, आणि शीट पक्की झाली की त्याच संध्याकाळी उरलेली ओढून घ्यावी. यात रोज जेवढ्या शीट बसतील तेवढ्याच वर न्याव्या लागतात. भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडावीत, कारण ४० अंशांच्या फरकात ३ मीटरची शीट सुमारे ८ मिलिमीटर वाढते.

उरलेली थप्पी लाकडी पट्ट्यांवर, सावलीत ठेवावी. सावली नसल्यास काळ्या प्लास्टिकपेक्षा पांढरी, जाड ताडपत्री बरी. काळ्याखाली थप्पी तापते आणि फिल्म तिथेच चिकटून बसते.