कानात बोळे की ध्वनी-उपचार?

माझ्या धाकट्या भावाला वाटीत चमचा टेकला तरी कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंधरा वर्षं लेथवर काढलेला गडी, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅलरीत जाऊन उभा राहायचा. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, नॉर्मल आली तेव्हा आम्हा घरच्यांना वाटलं, उगाच करतोय. ती आमची चूक. साधे आवाजही असह्य होण्याच्या या त्रासात, म्हणजे हायपरअ‍ॅक्युसिसमध्ये ऐकू नीट येतं, सोसत नाही. ते वेगळं मोजावं लागतं. बहुतेकांना आवाज ९०-१०० डेसिबलच्या आसपास नकोसा होतो, या रुग्णांना त्याच्या बराच आधी.

फोमचे बोळे स्वस्त, मेडिकलमध्ये मिळणारे. नीट बसले तर २०-३० डेसिबल आवाज अडवतात आणि आराम तिथल्या तिथे पडतो. मोह तिथेच होतो. कानाला आवाज कमी मिळाला की मेंदू आतून तो वाढवून घेतो, असं मानतात. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात चांगल्या कानांच्या माणसांनी दोन आठवडे बोळे घातले, तर त्यांना तेच आवाज जास्त मोठे वाटू लागले. ज्यांनी हलका एकसुरी आवाज ऐकला, त्यांची सहनशक्ती वाढली. भाऊ घरातही दिवसभर बोळे घालून बसायचा. महिन्याभरात भावजयीच्या बांगड्याही त्याला खुपायला लागल्या.

ध्वनी-उपचारात श्रवणयंत्राएवढ्या उपकरणातून रिपरिप पावसासारखा आवाज कानात सोडतात, त्रास होणार नाही इतका हळू, आणि सावकाश वाढवत नेतात. याला महिने लागतात, पैसेही जास्त. ज्यांचा कान आवाजानंतर तासन्‌तास ठणकतो, त्यांनी घाई केली तर दुखणं वाढू शकतं, म्हणून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, यांच्याशिवाय सुरू करू नये. आवाजाची धास्तीच बसली असेल तर सोबत समुपदेशन घ्यावं. त्याचा खरंच उपयोग होतो.

माझं मत स्पष्ट आहे: उपचार ध्वनीचा, बोळे फक्त खऱ्या गोंगाटापुरते. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर डॉल्बीसमोरून जायचंय किंवा ग्राइंडर चालू आहे, तर बोळे हवेतच, ते तर धडधाकट माणसालाही हवेत. कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला किंवा रंकाळ्यावर फिरायला जाताना ते खिशात राहू देत.

त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, डोक्याला मार, अर्धशिशी, यांतूनही हा त्रास होतो आणि मग मूळ दुखण्याकडे आधी बघावं लागतं. दुसऱ्याच्या मचमच खाण्यानेच संताप येत असेल तर तो मिसोफोनिया. त्याची वाट वेगळी.

जाताना वही न्या. कुठला आवाज, किती वाजता, ठणका किती वेळ राहिला. भावाची पहिली नोंद होती: ‘कपबशी, सकाळी ७, दुपारपर्यंत.’ त्याच्या उपचारातला आवाज किती हळू सुरू करायचा, ते या नोंदींवरूनच ठरलं.