लीफलेट की ओपनलेयर्स?
तालुक्यातली चाळीस आरोग्य केंद्रं वेबवर दाखवायचीत, दृष्टी नसलेल्यालाही नकाशा वापरता यावा. वेबवर नकाशे बनवायच्या तयार कोडच्या या दोन संचांपैकी काय घेऊ, असं मैत्रिणीने विचारलं. मी माउस बाजूला ठेवून दोन्ही तपासले.

लीफलेटमध्ये टॅब दाबत एकेका मार्करवर (केंद्राच्या खुणेवर) जाता येतं, एंटरने पॉपअप उघडतो. पण ‘ऑल्ट’मध्ये (खुणेच्या पर्यायी मजकुरात) केंद्राचं नाव घातलं नाही, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चाळीस वेळा नुसतं ‘मार्कर, मार्कर’ घोकत बसतो! ओपनलेयर्स ठिपके कॅनव्हासवर, म्हणजे एका सलग चित्रात, रंगवतं. स्क्रीन रीडरच्या लेखी तो कोरा कागद. बाणांच्या कळांनी नकाशा सरकवायलाही आधी ‘टॅबइंडेक्स’ (टॅबने नकाशावर येऊ देणारी कोडमधली सूचना) द्यावा लागतो. मेहनत अर्थातच जास्त.

मोजके ठिपके असतील तर लीफलेट. हजारो भूखंड, वेगळी प्रोजेक्शन्स (गोल पृथ्वी सपाट दाखवायच्या पद्धती) असतील तर ओपनलेयर्स. खाली नाव-पत्त्यांची साधी यादी मात्र दोन्हीकडे हवीच. फोनवर मीसुद्धा तीच बघते.