टीवायला अभ्यासिका लावायची की इंटर्नशिप धरायची?

मावसबहीण पुण्यात टीवाय बीकॉमला आहे. परवा फोनवर म्हणाली, "दादा, एमपीएससीची अभ्यासिका लावू की इंटर्नशिप बघू?" घरच्यांचं उत्तर तयार होतं: दोन्ही कर. मी टीवायला दोन्ही केलं होतं आणि धड एकही झालं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अभ्यासिका. क्लासची फी, मेस, कॉट बेसिसवरची खोली हा खर्च सगळ्यांना दिसतोच. पण 2025 पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यातले भाषेचे दोन पात्रतेपुरते. उरलेले सात मिळून 1750 गुण, वर मुलाखतीचे 275. म्हणजे आता पर्यायांचे गोल रंगवून भागत नाही, हाताने पानंच्या पानं लिहावी लागतात. अभ्यासिकेत बारा तास बसणारी पोरं मी पाहिली आहेत, मीही बसायचो. त्यातले लिहिण्याचे तास किती, हे मात्र तेव्हा कुणी मोजलं नाही.

आता इंटर्नशिप. मी एका कर सल्लागाराकडे होतो. पहिले पंधरा दिवस बिलं तारीखवार लावली, दुसरं काही नाही. वैताग आला होता. मग एका दुपारी बँकेचा ताळा 1,800 रुपयांनी चुकला. मी दोन तास नोंदी चाळत बसलो. शेजारचे वयस्कर क्लार्क चहा पिता पिता म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर आकडे उलटे पडले असतील." निघालं तसंच: 4,200 ची नोंद 2,400 अशी पडली होती. कॉलेजच्या पेपरात गणितं जुळणारीच देतात, त्यामुळे न जुळलेलं शोधायचं कसं हे तीन वर्षांत कळलंच नव्हतं. पुढे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी हाच किस्सा सांगितला.

नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला क्रेडिटही आहेत. बरीच मुलं ओळखीच्या दुकानदाराचं पत्र आणून ते क्रेडिट उरकतात. मला हे फुकट घालवणं वाटतं. आणि सर्टिफिकेटसाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारी 'इंटर्नशिप' दिसली, तर सरळ चालू पडा.

माझ्या मते निर्णय वयावर ठरतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गातून 38 व्या वर्षापर्यंत बसता येतं, आणि शेवटच्या वर्षाला असतानाही पूर्व परीक्षा देता येते. विद्यार्थी म्हणून चुका खपवून घेणारं ऑफिस मात्र पदवीनंतर मिळत नाही. तेव्हा तुमच्याकडून तयार माणसाची अपेक्षा असते. अपवाद एकच: अवांतर वाचनाची आणि रोज लिहिण्याची सवय आधीपासून असेल, तर अभ्यासिका लावायला हरकत नाही.

बहिणीला तशी सवय नव्हती. ती आता कॉलेज सुटल्यावर चार ते सात एका सीएच्या ऑफिसात जाते. रविवारी मुख्य परीक्षेतला एक प्रश्न घेऊन घड्याळ लावून उत्तर लिहिते. पहिल्या दीडशे शब्दांना चाळीस मिनिटं लागली आणि मनगट दुखलं, असं म्हणाली. क्लासची चौकशी सध्या बंद आहे.